ट्रकचं चाक बॅलन्स करताना: पुण्यातल्या नव्या गाडीमालकांसाठी

डिझेलनंतर गाडीमालकाच्या वहीत सगळ्यात जाड आकडा टायरचा असतो. दहाचाकी गाडी म्हणजे दहा टायर आणि एक स्टेपनी. नवा संच बसवताना मालक कंपनी, रबर, भाव सगळं तपासतो, पण चाक बॅलन्स केलंय का, म्हणजे एका बाजूला भारी असलेल्या चाकाला समोर छोटं वजन लावून तोल सारखा केलाय का, हे विचारत नाही. कारला हौसेने करून घेणारा माणूसही ट्रकच्या बाबतीत म्हणतो, "एवढ्या मोठ्या चाकाला शंभर-दोनशे ग्रॅमनं काय होतंय?"

होतं ते असं. १०.०० आर २० मापाचा टायर ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला जवळपास ७ फेरे मारतो. त्याच्या पट्ट्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबरावर, एका जागी २०० ग्रॅम जास्त असले, तर त्या वेगाला ती जागा साधारण २० किलोच्या जोराने चाक बाहेर ओढते. आधी वर, मग पुढे, मग खाली, मग मागे, सेकंदाला सात वेळा. वेग निम्मा केला, ४० वर आणला, की हा जोर निम्मा होत नाही. तो पाव होतो, ५ किलोच्या आसपास. म्हणून शहरात गाडी गुपचूप चालते आणि देहूरोड सोडून एक्सप्रेसवेला लागली की नाचायला लागते. धुलाई यंत्रात ओले कपडे एका बाजूला गोळा झाले की यंत्र जागचं हलतं, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे दर फेऱ्याला टायर रस्त्यावर आपटतो आणि आपटलेल्या जागचं रबर आधी जातं.

चाक भारी-हलकं होण्याची कारणं साधी असतात. टायरचं रबर सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं. डिस्कला, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या लोखंडी रिमला, वेल्डिंगची जागा असते, व्हॉल्व्ह असतो. ट्यूबवाल्या चाकात ट्यूब, तिच्याखालची रबरी पट्टी म्हणजे फ्लॅप, आणि टायर डिस्कवर अडवून धरणारी लोखंडी लॉक रिंग येतात, आणि लॉक रिंगला तर काप असतो. त्यामागे ओतीव ब्रेक ड्रम, त्याचाही थोडा कमी-जास्तपणा. पावसाळ्यात आणखी एक भर पडते: डिस्कच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला चिखल. वाघोली-मोशीकडच्या खडी क्रशरवर जाणाऱ्या गाड्यांची डिस्क आतून कधी खरवडून बघा, मूठ-दोन मुठी माती एकाच बाजूला निघते. हे बॅलन्सिंग फुकटात होतं, पाण्याचा फवारा आणि पत्र्याचा तुकडा एवढाच खर्च.

कोणत्या गाडीला लागतं, कोणत्या गाडीला नाही

हे आधी ठरवा, कारण पैसे वाया जातात ते इथेच. चाकणहून न्हावाशेवाला कंटेनर नेणारी गाडी, रांजणगावहून बंगळूरच्या रस्त्याला लागणारी गाडी, रात्रीत लांब पल्ला मारणारा पार्सल ट्रक, यांना बॅलन्सिंगचा खरा उपयोग आहे, कारण त्या तासन्‌तास ६०-८० वर धावतात. शहरातला मिक्सर, खाणीतून बांधकामावर फेऱ्या मारणारा हायवा डंपर, मार्केट यार्डातून शहरभर भाजी पोचवणारी छोटी गाडी, यांचा वेगच वर जात नाही. त्यांचे टायर दगडाने, वळणाने, ब्रेकने आणि ओव्हरलोडने मरतात. हायवाला महागडी बॅलन्सिंग रिंग बसवून द्यायला कुणी आलं तर चहा पाजून वाटेला लावा.

गाडीत सुरुवात पुढच्या दोन चाकांपासून करा. २०१८ मध्ये ॲक्सलच्या मर्यादा वाढल्या, तेव्हा पुढच्या दोन टायरच्या ॲक्सलला ६ ऐवजी ७ टन झाले आणि मागच्या चार टायरच्या ॲक्सलला १०.२ ऐवजी ११.५ टन. म्हणजे पुढचा एकेक टायर साडेतीन टन पेलतो, मागचा जोडीतला पावणेतीनच्या थोडा वर. पुढच्याला शेजारी जोडीदारही नाही आणि स्टेअरिंग त्याच्याच जिवावर. बजेट कमी असेल तर फक्त पुढची दोन चाकं करा, मागच्यांचं नंतर बघू.

आधी ड्रायव्हरला विचारा, मग टायरला हात लावा

निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरात चांगल्या टायर मिस्त्रीकडे गेलात तर तो पाना उचलायच्या आधी प्रश्न विचारतो.

"मिस्त्री, गाडी लई नाचतीय."

"कुठं नाचतीय भाऊ? हातात का बुडाखाली?"

"हातात. पासष्टच्या पुढं."

"आणि ब्रेक मारल्यावर?"

"तसंच. वाढत नाही."

एवढ्यात निम्मं निदान झालं. हातात, म्हणजे स्टेअरिंगला, जाणवतं तेव्हा दोष बहुधा पुढच्या चाकात असतो. सीटखाली जाणवलं तर मागची चाकं किंवा त्यांना इंजिनाची ताकद पोचवणारा प्रोपेलर शाफ्ट. ठरावीक वेगाच्या पुढे सुरू होऊन वाढत जात असेल तर बॅलन्सचा संशय घ्यायचा. वीस-तीसलाही धक्के बसत असतील तर डिस्क वाकलेली असते, टायर गोल राहिलेला नसतो किंवा आतली प्लाय, म्हणजे टायरमधला थर, सुटायला लागलेली असते. तसला टायर बॅलन्स करायचा नाही, उतरवायचा. आणि फक्त ब्रेक मारल्यावर गाडी थरथरत असेल तर ड्रम अंडाकृती झालाय, तिथे चाक बॅलन्स करून काहीही होणार नाही.

मग टायर बघा. नुसतं बघून भागत नाही. उन्हात उभी असलेली गाडी सोडा, टायर गार असताना तळहात पट्ट्यावर ठेवून चाकाच्या घेराभर फिरवा. हात मध्येच खाली जातो, पुन्हा वर येतो, पुन्हा खाली, असे ठरावीक अंतरावर खळगे लागले तर त्याला कप पडणं म्हणतात. बॅलन्स गेलेल्या चाकाची ही खूण आहे, पण एकट्या त्याचीच नाही. सैल बेअरिंग आणि मेलेला शॉक ॲब्सॉर्बरही असेच कप पाडतात. टायर एकाच खांद्याला खात असेल किंवा आडवा हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागत असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ दिशा, गेलंय. दोन्ही खांदे घासलेत म्हणजे हवा कमी, मधला पट्टा घासलाय म्हणजे हवा जास्त. एकाच जागी सपाट चट्टा म्हणजे ब्रेकमध्ये चाक घसटलंय.

बॅलन्सिंगच्या आधीची कामं

बॅलन्सिंग हे शेवटचं काम आहे. मधली कामं गाळून थेट वजन ठोकणारा मिस्त्री तुमचा कंप पंधरा दिवस लपवेल आणि टायर खात राहील. क्रमाने जा.

हवा गार टायरमध्ये तपासा, म्हणजे गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी. खंडाळा किंवा खंबाटकी उतरून आलेल्या टायरचा आकडा खोटा असतो. ड्रमची उष्णता आणि धाव दोन्ही त्यात मिसळलेले असतात. गरम टायरचा दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडू नका, सकाळी तोच टायर कमी हवेचा निघेल. किती पीएसआय भरायचं ते टायरच्या बाजूवर कोरलेल्या कमाल भार-दाबावरून आणि कंपनीच्या तक्त्यावरून ठरवा. शेजारच्या गाडीवरून नको. जोडीतल्या आतल्या टायरचीही गेजनेच तपासा. पहार आपटून आवाजावर हवा ओळखणारे बरेच आहेत. पूर्ण बसलेला टायर त्यातून कळतो, पण वीस पीएसआय कमी असलेला कळत नाही, आणि टायर मरतो तो त्या वीसमध्ये.

जोडीत दोन्ही टायर सारख्या उंचीचे हवेत. व्यासात ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असला की मोठा टायर भार ओढतो आणि छोटा रस्त्यावर घसटत चालतो. एक नवा, एक जुना अशी जोडी लावून वर बॅलन्सिंगचे पैसे देणं म्हणजे पैसे उधळणं.

पुढचं चाक जॅकवर घ्या, खाली घोडी (लोखंडी स्टँड) द्या, बाकीच्या चाकांना ठोकळे लावा. घोडीशिवाय गाडीखाली हात घालायचा नाही, मग मिस्त्री कितीही जुना असो. टायरखाली पहार घालून वर उचला. खडखड खेळ लागला तर मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा उचला. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती. आधी ते काम करा.

आता चाक हाताने फिरवा. ब्रेक शू अडत नाहीत ना ते बघा. एक लोखंडी सळई जमिनीवर टेकवून तिचं टोक टायरच्या पट्ट्याजवळ धरा, आणि चाक फिरताना सळई-टायरमधली फट बघत राहा. ती दोन-अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त उघडझाप करत असेल तर चाक गोल नाही. मग बाजूच्या भिंतीकडे बघा. डिस्कच्या कडेलगत टायरवर एक बारीक उठावदार रेघ असते, तिचं कडेपासूनचं अंतर सगळीकडे सारखं दिसलं पाहिजे. एका बाजूला रेघ आत बुडाली असेल तर टायर डिस्कवर नीट बसलेला नाही. हवा सोडून, बीडला, म्हणजे टायरच्या डिस्कवर बसणाऱ्या कडेला, टायरचं साबण-वंगण लावून तो पुन्हा बसवा. ग्रीस किंवा डिझेल लावू नका, रबर खराब होतं. लॉक रिंगवाल्या चाकात हवा भरताना चाक पिंजऱ्यातच ठेवा. रिंग उडाली तर माणूस वाचत नाही, आणि पिंजरा नसलेल्या दुकानात लॉक रिंगचं काम करून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

नवा टायर बसवताना बाजूच्या भिंतीवर रंगीत ठिपका आहे का ते शोधा. पिवळा ठिपका ही टायरची हलकी जागा. ती व्हॉल्व्हसमोर आणली की व्हॉल्व्हचं वजन तिथे पडतं आणि पुढे लावायची वजनं कमी होतात. लाल ठिपका म्हणजे टायरची उंच जागा, ती डिस्कच्या खोलगट खुणेसमोर बसवतात. आमच्याकडे बहुतेक दुकानांत या ठिपक्यांकडे कुणी बघत नाही. तुम्ही उभे राहून सांगितलंत तर करतात.

मशीनवर बॅलन्स करून घेताना

ट्रकचं चाक डिस्कसकट शंभर किलोच्या आसपास जातं. कारचं मशीन ते पेलत नाही, म्हणून दुकानात गेल्यावर ट्रकच्या चाकाचं वेगळं मशीन आहे का आणि चाक वर चढवायला लिफ्ट आहे का, हे आधी विचारा. चाक चढवण्याआधी टायरच्या खाचांतले दगड स्क्रू-ड्रायव्हरने काढलेले हवेत, डिस्क आतून धुतलेली हवी, जुनी वजनं काढलेली हवीत. गाडी धुवायला पंपावर नेताच आहात तर हे आदल्या दिवशीच करून घ्या. दुकानात मिस्त्री घाईत असतो.

मशीनवाला चाक शंकूवर बसवून मध्यात आणतो, डिस्कचा व्यास, रुंदी आणि मशीनपासूनचं अंतर भरतो आणि चाक फिरवतो. पडद्यावर आतल्या आणि बाहेरच्या बाजूचे ग्रॅम वेगवेगळे येतात. त्या जागी वजनं लावल्यावर चाक पुन्हा फिरवून शून्य दाखवायला सांगा. ही दुसरी फेरी बरेच जण टाळतात.

आणखी एक तपासणी करून घ्या, तिला दोन मिनिटं लागतात. शून्य आल्यावर चाक शाफ्टवर सैल करून अर्धा फेरा फिरवायला आणि पुन्हा आवळून चालवायला सांगा. आकडा तसाच शून्याजवळ राहिला तर काम खरं. एकदम पन्नास-शंभर ग्रॅम दाखवायला लागला तर चाक शंकूवर मध्यात बसलेलं नव्हतं, म्हणजे लावलेली वजनं चाकाचा दोष काढत नाहीत, मशीनच्या बसवणीचा काढतायत. हे सांगितल्यावर दुकानदार तोंड वाकडं करेल. करू द्या.

वजनाची क्लिप डिस्कच्या कडेला घट्ट बसणारी हवी. हातोडीने वाकवून बसवलेली क्लिप पहिल्या खड्ड्याला उडते. चिकटवायची वजनं ट्रकला मला पसंत नाहीत. घाटात ब्रेक तापले की डिस्क तापते आणि गोंद सुटतो. तरी लावायचीच तर जागा पत्र्यापर्यंत घासून, तेल पुसून, कोरडी करून लावा.

मशीनवर फक्त चाक बॅलन्स होतं, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि ड्रम गाडीलाच राहतात. मशीनवर शून्य आलेलं चाक गाडीवर चढवल्यावर थोडं थरथरतं ते बऱ्याचदा यामुळे.

गाडीवर कायम राहणारी रिंग

ही अडचण काढायला चाकामागे बसणाऱ्या बॅलन्सिंग रिंगा मिळतात. ड्रम आणि चाकाच्या मध्ये स्टडवर, म्हणजे चाकाच्या बोल्टवर, एक चकती बसते आणि तिच्या घेराला पोकळ नळी असते. नळीत छोटे पोलादी छर्रे आणि द्रव असतो. चाकाने वेग घेतला की छर्रे आपोआप भारी जागेच्या विरुद्ध बाजूला सरकतात आणि तोल धरतात. टायर झिजला, दगड अडकला, चिखल बसला तरी छर्रे जागा बदलतात, आणि ड्रम-हबचा फरकही त्यात निघतो. टायर बदलला तरी रिंग हबवरच राहते.

बसवण्याची पद्धत अवघड नाही, पण एक गोष्ट चुकली तर चाक निखळेल, म्हणून सावकाश करा. तुमच्या गाडीचे स्टड आठ की दहा, त्यांच्या वर्तुळाचा व्यास किती, त्याच मापाची रिंग आणा. चाक उतरवल्यावर ड्रमचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून गंज आणि रंगाचे पापुद्रे काढा. त्यांच्यावर नट आवळला तर ते पुढे चिरडतात आणि नट सैल पडतो. रिंग सपाट टेकली पाहिजे, कुठेही ड्रमच्या उंचवट्यावर अडता कामा नये. मग चाक चढवून नट पूर्ण फिरवा आणि स्टडचे आटे नटाच्या बाहेर डोकावतात का ते बघा. रिंगच्या जाडीमुळे स्टड तेवढा आखूड पडतो. आटे नटात पूर्ण भरत नसतील तर रिंग काढा किंवा लांब स्टड टाका, मधला मार्ग नाही. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, शेवटचा ताण टॉर्क पान्याने, गाडीच्या कंपनीने दिलेल्या आकड्याला. बऱ्याच जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असतात, नवा पोरगा हमखास गडबडतो. चाक काढ-घाल केल्यावर ८० ते १५० किलोमीटर धावून नट पुन्हा तपासायचेच, रिंग असो वा नसो. चाकणहून निघालेल्या गाडीला न्हावाशेवाच्या रांगेत उभी असताना हे सहज जमतं.

रिंगेच्या मर्यादाही आहेत. कमी वेगाला छर्रे जागेवर येतच नाहीत. वाकलेली डिस्क, वेडावाकडा टायर, बिघडलेलं अलाइनमेंट यांवर तिचा काही उपाय नाही. नळीला दगडाचा ठोका बसून पोचा पडला तर छर्रे तिथे अडकतात, मग ती रिंगच एक भारी जागा होऊन बसते. चाक उतरेल तेव्हा रिंग हातात घेऊन हलवा, छर्रे पूर्ण घेरात खळखळत फिरले पाहिजेत.

टायरच्या आत टाकायचे बारीक मणीही विकतात. ट्यूबलेस टायरमध्ये ते चालतात, पण आतली हवा कोरडी लागते. पावसाळ्यात पंचरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या टाकीतून पाणी काढलेलं नसेल तर मण्यांचे गोळे होतात. व्हॉल्व्हलाही जाळीवाला कोअर लागतो, नाहीतर हवा तपासताना मणी अडकून व्हॉल्व्ह गळतो. रस्त्याकडेला दहा ठिकाणी हवा भरणाऱ्या गाडीला मी रिंगच सुचवेन.

नंतरची नोंद

पंचर काढताना टायर डिस्कवरून उतरला की जुनं बॅलन्सिंग संपलं. ड्रायव्हरच्या पेटीत खडू ठेवा आणि चाक उघडण्याआधी टायर आणि डिस्कवर एकच आडवी रेघ मारायला सांगा. टायर त्याच जागी परत बसला तर निदान फरक कमी राहतो. पुढच्या चाकाचा मोठा पंचर झाला तर बॅलन्सिंग पुन्हा करा, टायर पुढून मागे फिरवतानाही करा.

फायदा झाला का हे विक्रेत्याच्या कागदावरून ठरवू नका. खाचेची खोली मोजायचं छोटं गेज घ्या. पुढच्या दोन्ही टायरची खोली महिन्यातून एकदा, आत-मध्ये-बाहेर अशी तीन जागी मोजा आणि किलोमीटर रीडिंगसह वहीत लिहा. समजा, २४,००० किलोमीटरमध्ये ३ मिलिमीटर गेले, तर मिलिमीटरला ८,००० पडले. एकाच मार्गावर, सारख्या मालाला धावणाऱ्या दोन गाड्या असतील तर एकीला रिंग लावा, दुसरीला लावू नका, आणि चार-सहा महिन्यांनी हाच आकडा दोन्हींचा काढा. ड्रायव्हर मात्र मध्ये बदलू नका. ब्रेक मारायच्या सवयीनेच टायरचं आयुष्य एवढं बदलतं की सगळा हिशोब त्यात बुडेल.

कायद्याने खाच १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. टायर रिमोल्डला, म्हणजे जुन्यावर नवा पट्टा चढवायला, द्यायचा असेल तर तेवढी वाट बघू नका, तीन-चारवर उतरवा. कप पडलेल्या टायरमध्ये सगळ्यात खोल खळगा मोजून ठरवा, कारण बफिंग करताना, म्हणजे जुनं रबर घासून काढताना, त्या खळग्यापर्यंतचं सगळं रबर जातं. रिमोल्ड होऊन आलेल्या टायरचा पट्टा नवा असतो, त्याचं वजनही नव्याने वाटलेलं असतं, तेव्हा जुनी वजनं डिस्कवर तशीच ठेवू नका. काढून टाका आणि चाक मशीनवर पुन्हा शून्यापासून घ्या.